साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

महिनाभर झाला, आमच्या कळंब भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘नोबेलविजेते डॉ. ओट्टो वारबर्ग यांनी १९३१ मध्येच सिद्ध केलं की कॅन्सर साखरेवर जगतो. साखर, भात, भाकरी बंद करा, सहा आठवड्यांत गाठ उपाशी मरेल. शुगरही जाईल, इन्सुलिन सोडा. अमेरिकेत उंदरांवर हे सिद्ध झालंय, कंपन्या दडपून ठेवतात.’ माझं मेडिकल आहे. हा मेसेज दाखवून ‘इन्सुलिन परत घेता का’ म्हणणारे लोक काउंटरवर येतात, म्हणून लिहितोय.

आधी नोबेल. वारबर्ग यांना १९३१ चा नोबेल मिळाला तो पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी, कॅन्सरच्या उपचारासाठी नाही. कॅन्सरच्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढतात आणि ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवलं आणि ते आजही खरं आहे. मात्र कॅन्सरचं मूळ कारणच ते, असं ते शेवटपर्यंत मानत राहिले, आणि ते टिकलं नाही. मूळ बिघाड जनुकांत होतो. ग्लुकोज ओढणं हा बहुतेक वेळा त्याचा परिणाम असतो.

‘भाकरी बंद केली की गाठ उपाशी.’ पेट स्कॅन, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारी तपासणी, केलेल्या कुणालाही विचारा. स्कॅनआधी चार-सहा तास उपाशी ठेवतात, मग किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात, आणि गाठ तरीही चमकते. पोट रिकामं असलं तरी रक्तात साखर असतेच, कारण यकृत ती स्वतः बनवतं. मेंदूला आणि तांबड्या पेशींना ती लागतेच. शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामीन (प्रथिनांतला एक घटक) आणि चरबीवरही भागवतात. उपाशी राहिल्यावर आधी झिजतो तो पेशंट.

आता उंदीर. या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण इथलं संशोधन अस्सल आहे आणि मेसेजने ते अर्धंच सांगितलंय. अमेरिकेतले शास्त्रज्ञ लुईस कँटली यांनी पीआय-३ कायनेज हे एन्झाइम शोधलं. इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचवणारा हा दुवा अनेक कॅन्सरमध्ये बिघडून कायम चालू राहतो. तो बंद करणारी औषधं निघाली, पण ती दिली की रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या इन्सुलिनने गाठीतला दुवा पुन्हा जागा होतो. म्हणजे औषधाचा परिणाम औषधामुळेच कमी होतो. २०१८ मध्ये कँटलींच्या गटाने उंदरांना औषधाच्या जोडीला अत्यंत कमी पिष्टाचा आहार दिला. इन्सुलिन खाली राहिलं आणि औषध जास्त लागू पडलं. नुसत्या आहाराने मात्र फारसं साधलं नाही, उलट रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये तो आजार वेगाने वाढला. ही शेवटची ओळ मेसेजमधून गाळली आहे. आणि ती वाचून कुणाचा तरी जीव वाचला असता.

मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीबद्दलही काही जण विचारतात. ती गोळी घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं स्कॉटलंडमधून २००५ मध्ये आलं होतं. पुढे मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ पेशंटवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: आजार उलटणं त्याने थांबलं नाही. शुगरसाठी गोळी उत्तमच आहे, घेत राहा.

‘इन्सुलिन सोडा.’ माझ्या आत्याने सोडलं. दोन केमो झाल्या होत्या. केमोसोबत स्टेरॉइड देतात, त्याने शुगर चढते, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं होतं. घरी फ्रिज नाही, बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात असायची. मेसेज वाचून पोराने ती उचलून ठेवली आणि भाकरीही बंद केली. अकराव्या दिवशी ती आली तेव्हा जीभ कोरडी होती, श्वास भरभर चालला होता आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. पोटात भाकरीचा तुकडा नाही, तरी मशीनवर साडेचारशे. पाच दिवस ॲडमिट ठेवावं लागलं, तिसरी केमो लांबली. पोरगा म्हणत होता, ‘दादा, त्यात नोबेलवाल्याचं नाव होतं ना.’ त्याला काय बोलणार? आईवरच्या मायेनेच त्याने केलं होतं.

‘खरं संशोधन दडपतात.’ आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी दिलेल्या गटात त्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न दिलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. २००९ मध्ये हे जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात उघडपणे छापून आलं. ती तपासणी करून घ्यायला सांगणारा मेसेज माझ्या एकाही ग्रुपवर आलेला नाही. मी आज टाकलाय.

आत्याची केमो सोमवारी आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डब्यात एक भाकरी, घट्ट वरण आणि दोन उकडलेली अंडी. इन्सुलिनची बाटली आता माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये असते, पोरगा रोज सकाळी येऊन नेतो.