तांब्याच्या खाणीतून यादवी युद्ध कसे काढावे

आपल्या ताब्यात एखादे बेट असेल आणि त्याच्या पोटात तांबे असेल, तर युद्धासाठी निराळी तरतूद करण्याचे कारण नाही. तांब्याबरोबर तेही निघते. कारभार मात्र चोख हवा. ही विद्या शिकू इच्छिणाऱ्याने पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील बोगनव्हिल बेटावरच्या पांगुना खाणीचे दप्तर आधी चाळावे. आपल्या कुंपणावरची बोगनवेल ज्या फ्रेंच दर्यावर्द्याच्या नावाने ओळखली जाते, त्याचेच नाव या बेटालाही आहे. वेलीला पाणी फारसे लागत नाही. बेटावरच्या माणसांना ते लागत असे आणि पुढची बरीचशी अडचण तेथूनच उद्भवली.

प्रथम जमिनीचा प्रश्न मिटवावा. बोगनव्हिलच्या बहुतेक भागात जमिनीचा वारसा आईकडून मुलीकडे जातो, म्हणून बोलणी आवर्जून पुरुषांशी करावीत. मग कायदा समजावून सांगावा की वरचा हातभर थर, म्हणजे ज्यात कंद आणि केळी येतात तो, तुमचा आणि त्याखालचे सर्व सरकारचे. आणि सरकार म्हणजे दूरच्या ऑस्ट्रेलियाचे, कारण १९७५पर्यंत तेथे राज्य त्यांचेच होते. हे ऐकूनही १९६९मध्ये रोरोवाना गावच्या बायकांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या, तेव्हा पोलिसांना अश्रुधूर आणि लाठ्या वापराव्या लागल्या. त्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातील वर्तमानपत्रांत आली, हा मात्र नियोजनातील ढिसाळपणा होय. आपण छायाचित्रकारांना त्या दिवशी एखाद्या उद्घाटनाला पाठवावे.

मोबदल्याच्या बाबतीत कंजुषी करू नये, अपूर्णांक वापरावा. पांगुनाच्या करारात खनिजाच्या किमतीवर सव्वा टक्का स्वामित्वधन ठरले होते आणि जमीनमालकांना त्यातला एक छदामही मिळणार नव्हता. पॉल लापुन नावाच्या स्थानिक लोकप्रतिनिधीने १९६६मध्ये सभागृहात भांडून त्या सव्वा टक्क्यातले पाच टक्के मिळवले. शाळेत शिकलेले गणित येथे उपयोगी पडते. शंभर रुपयांच्या तांब्यामागे सव्वा रुपया सरकारजमा आणि त्यातले सव्वासहा पैसे जमीनमालकाचे. हे पैसे देताना छोटा समारंभ ठेवावा आणि जमल्यास शालही द्यावी.

आता नदीकडे वळू, कारण खरे कसब तेथे लागते. १९७२मध्ये उत्पादन सुरू झाले आणि तांबे काढून उरलेला चोथा ठेवायचा कोठे, असा प्रश्न आला. धरण बांधून तो अडवण्याच्या खर्चिक मोहात आपण पडू नये, कारण नदी आयती वाहत असते, तिला पगार नसतो आणि ती माल थेट समुद्रापर्यंत पोहोचवते. कावेरोंग आणि जाबा या नद्यांनी पुढच्या १७ वर्षांत शंभर कोटी टनांहून अधिक गाळ वाहून नेला; जेवढा नेववला नाही तेवढा पात्रात आणि काठच्या मळ्यांत ठेवला. पात्र उंचावले, पाणी शेतात शिरले, मासे गेले आणि काही ओढ्यांना तांब्याचा सुरेख निळसर रंग आला. काठच्या लोकांना पाण्यासाठी नवा झरा शोधत लांब जावे लागले. पण चालण्याचे आरोग्यविषयक फायदे आपण जाणताच.

करारात एक उदार कलम अवश्य घालावे की दर सात वर्षांनी अटींचा फेरविचार होईल. १९७४मध्ये करार नव्याने झाला, त्यात हे कलम आले आणि नव्या राष्ट्राच्या वाट्याला बरीच अधिक रक्कम आली. मात्र कलमाप्रमाणे पहिला फेरविचार, जो १९८१मध्ये व्हायचा होता, तो झालाच नाही. तोवर देशाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा या एकाच खड्ड्यातून येऊ लागला होता, आणि दुभत्या गाईला कोणी तिचे मत विचारत नाही.

बंडखोर बाहेरून आणावा लागेल, अशी चिंता करू नये. तो आपल्याच हजेरीपटावर असतो. फ्रान्सिस ओना हा कंपनीतच नोकरीला होता आणि मोजणीचे काम शिकलेला होता. १९८८मध्ये नुकसानीची पाहणी करायला सल्लागार नेमले गेले. त्यांनी नदीची हानी मान्य केली, पण विषारी रसायनांचा ठपका खाणीवर ठेवला नाही. ओना बैठकीतून उठून गेला. त्याने एक हजार कोटी किना (पापुआ न्यू गिनीचे चलन) भरपाई मागितली, तिला सर्वांनी हसून घेतले, आणि नोव्हेंबरअखेर कंपनीच्याच कोठारातून नेलेल्या सुरुंगांनी वीजवाहिनीचे मनोरे पडू लागले. १५ मे १९८९ रोजी खाण बंद झाली.

यानंतरचे काम सोपे आहे. सैन्य पाठवावे, त्याने गावे जाळावीत. शेजारच्या मित्रराष्ट्राने हेलिकॉप्टरे द्यावीत, त्यांवर बंदुका बसवू नयेत अशी अट घालावी आणि त्या बसल्यावर खेद व्यक्त करावा. मग बेटाची नाकेबंदी करावी, म्हणजे औषधेही पोहोचत नाहीत. बोगनव्हिलच्या लोकांनी मात्र या शास्त्राची शिस्त बिघडवली. त्यांनी खोबरेल तेलावर गाड्या चालवल्या, पाण्याच्या नळांपासून बंदुका घडवल्या आणि बंद खाणीतले भंगार काढून ओढ्यांवर छोटी वीजकेंद्रे उभारली. खाणीचा स्थानिकांना इतका थेट लाभ यापूर्वी झाला नव्हता. पुढे ते आपसांतही लढले आणि मग कोण कोणाला मारत आहे याचा हिशेब ठेवणे अवघड झाले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातात; लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती.

भाडोत्री सैनिक आणायचे असतील, तर आपल्या सेनापतीला आधी विचारावे. पंतप्रधान ज्युलियस चान यांनी १९९७मध्ये सँडलाइन कंपनीशी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला आणि सेनापती जेरी सिंगिरोक यांनी त्या पाहुण्यांनाच पकडून ठेवले. चान यांना पायउतार व्हावे लागले, भाडोत्र्यांची मोहीम झालीच नाही, आणि तरीही उरलेल्या रकमेसाठी कंपनीने लवादात दावा जिंकला. इतका नफेशीर नकार दुर्मीळ असतो.

शेवटी निघून जाण्याची कला. खाणीत मोठी भागीदारी असलेल्या रिओ टिंटो कंपनीने २०१६मध्ये आपला ५३.८ टक्के हिस्सा बोगनव्हिल आणि पापुआ न्यू गिनीच्या सरकारांना फुकट देऊन टाकला आणि त्या वेळच्या सर्व नियमांचे आपण पालन केले होते, असे सांगितले. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत, हे बोगनव्हिलकरांना ठाऊक नसावे; १५६ रहिवाशांनी २०२०मध्ये तक्रार केली, तेव्हा कुठे नुकसानीच्या मोजणीला पैसे देण्याचे कंपनीने कबूल केले.

आपण या उशिराने खट्टू होऊ नये. २०१९च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य मागितले आहे, स्वातंत्र्याला पैसा लागतो, आणि पांगुनाच्या खड्ड्यात अद्याप ५० लाख टनांहून अधिक तांबे असल्याचा अंदाज आहे. एकेकाळचे बंडखोर सेनानी इश्माएल तोरोआमा आता तेथे अध्यक्ष आहेत आणि खाण पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत आहेत. करार लिहायला बसाल, तेव्हा सात वर्षांचे ते कलम मात्र विसरू नका.