आधी विचारायचं असतं

रविवारी मिसळीचा पहिला घास तोंडात असताना आलेला फोन उचलू नये, एवढं मला कळतं. पण फोन नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातून होता आणि त्यांच्याकडून मागच्या महिन्याचे पैसे यायचे होते.

"सर, तुमचं सॉफ्टवेअर बसलं."

"काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाही. 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणालं आणि गेलं." मग आवाज एकदम खाली. "सर, आपलं लायसन्स वगैरे नीट आहे ना?"

लायसन्स नीट होतं. प्रोसेसरला न कळणारी सूचना दिली की तो हात वर करतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅमला जागच्या जागी आडवा करते, एवढाच त्या 'इललीगल'चा अर्थ. आता अशी सूचना दिली कोणी? मी. माझं काम जिट कंपायलरची लायब्ररी सांभाळायचं. जिट म्हणजे जस्ट-इन-टाइम. प्रोग्रॅम आपल्याकडे शिजवून डब्यात भरून द्यायचा नाही, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याच्याच शेगडीवर ऐनवेळी मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेतल्या सूचना, करून गरमागरम वाढायचा. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आचारीच की!" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आचारी परवडला. तो घरात शिरल्या शिरल्या विचारतो, वहिनी, परात आहे का, झारा आहे का. मी विचारलंच नव्हतं. घराच्या दारावरची पाटी वाचून अंदाज बांधला होता.

रेनकोट चढवून पंचवटीहून अंबडला पोहोचलो. नट-बोल्टचे फोटो काढून आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी आमचा आजारी कॉम्प्युटर बसला होता. खंडेनवमीला त्याचीही पूजा झालेली. गळ्यात गेल्या दसऱ्याची झेंडूची माळ, वाळून चहाच्या चोथ्यासारखी, आणि कुंकवाचं स्वस्तिक नेमकं प्रोसेसरच्या स्टिकरवर. पुसावं का? देवाधर्माचा प्रश्न. मी सरळ प्रोसेसरलाच विचारलं.

त्यासाठी सीपीयूआयडी नावाची सूचना असते. प्रोसेसरच्या आतल्या ईएएक्स नावाच्या खणात प्रश्नाचा नंबर टाकायचा, उत्तर ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स अशा चार खणांत येतं. शून्य नंबरचा प्रश्न म्हणजे 'नाव काय तुझं?' बारा अक्षरांचं नाव चार-चार अक्षरांचे तीन तुकडे करून मिळतं, आणि खण उघडायचे दुसरा, चौथा, तिसरा या क्रमाने. जो प्राणी स्वतःचं नाव असं सांगतो, त्याच्याकडून पुढे काय अपेक्षा करणार!

नाव इंटेल. घराणं, म्हणजे प्रोसेसरची पिढी, हॅसवेल. इथेच माझं पाप होतं. हॅसवेल 2013 साली आले आणि एव्हीएक्स2 घेऊन आले, म्हणजे एका दमात 256 बिटांवर पूर्णांकांची गणितं. म्हणून मी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं: घराणं हॅसवेल, मग एव्हीएक्स2 येणारच. बुवांचा मुलगा आहे म्हणजे गाणारच. पण हा निघाला पेन्टियम. तेच घराणं, तोच मॉडेल नंबर, आणि कंपनीने स्वस्तात विकताना एव्हीएक्स2 आणि त्याचा थोरला भाऊ एव्हीएक्स दोन्ही बंद करून ठेवलेले. मुलगा बुवांचाच, पण तबल्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.

तेव्हा घराणं सोडून एकेक बिट, म्हणजे हो-नाहीचं एकेक उत्तर, विचारायला बसलो. एव्हीएक्सचं उत्तर एक नंबरच्या प्रश्नात, ईसीएक्सचा 28वा बिट. एव्हीएक्स2चं सात नंबरच्या प्रश्नात, ईबीएक्सचा 5वा. सातवा प्रश्न विचारताना ईसीएक्समध्ये आधी शून्य भरावा लागतो, नाहीतर तो भलत्याच उपप्रश्नाचं उत्तर देतो. हे मला दीड तासाने आठवलं. तेवढ्या वेळात तीन चहा झाले आणि सुपरवायझर दोनदा म्हणाले, "रिस्टार्ट करून बघू का?"

दुरुस्त झालं. निघताना सहज शेजारच्या कॉम्प्युटरकडे बघितलं. तो आणखी जुना, हॅसवेलच्या आधीच्या आयव्ही ब्रिज घराण्यातला आय3, त्याची कधीच तक्रार नव्हती. त्याच्यापुढे बोल्टांचा एकच खाना भरून वाहत होता आणि बाकीचे रिकामे.

"हे असंच असतं का?"

"हो, हा पहिल्यापासून एकातच टाकतो. आम्ही हाताने निवडतो मग."

आकारानुसार खाने पाडताना मी आकड्याच्या डावीकडची शून्यं मोजतो. त्याला एलझेडसीएनटी नावाची सूचना आहे, इंटेलकडे ती हॅसवेलपासून आली. पेन्टियमने निदान न येणाऱ्या कामाला ओरडून नकार दिला. या आय3ला ही सूचना दिली तर तो तिचा सुरुवातीचा एक बाइट कानाआड करतो, उरलेल्या बाइटांना बीएसआर नावाची जुनी सूचना समजतो आणि आनंदाने भलतंच उत्तर देतो. 32 बिटांत 1 या आकड्याच्या डावीकडे शून्यं 31. हा सांगतो 0. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षर नाही. भाजीत मीठ विचारलं तर साखर घालून वर "छान झालीये" म्हणणारा मदतनीस. आणि विचारायचं मी विसरलो होतो, कारण शून्यं मोजायला काय, सगळ्यांनाच येतात!

हा एव्हीएक्सवर का पडला नाही? कारण हॅसवेल नसलेल्यांच्या बाबतीत तो एक प्रश्न मी आधीपासून दोन्ही तोंडांना विचारत होतो. त्याच्यावर सर्व्हिस पॅक न टाकलेलं विंडोज 7 होतं. प्रोसेसर म्हणतो, मला एव्हीएक्स येतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, आमच्या घरात चालणार नाही. काम मध्येच थांबवून दुसरं चढवायचं तर अर्धवट 256 बिटांचं पातेलं उतरवून ठेवावं लागतं, आणि हिच्या ओट्यावर जागा 128 बिटांचीच. म्हणून एक नंबरच्याच प्रश्नात ईसीएक्सचा 27वा बिट बघायचा, मग एक्सगेटबीव्ही सूचनेने ओट्याची मापं घ्यायची, तेव्हा कुठे कढई चढवायची.

परतताना होळकर पुलावर गाड्या लावून ही गर्दी. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी आलं होतं. गंगापूर धरणातून किती सोडलं यावर मोबाइल हातात घेऊन तिघांचे तीन आकडे चालू होते. कठड्याला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "अहो, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. समोर दिसतंय की." नाशकात पूर मोजतात तो नदीतल्या या मूर्तीवरच. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, दोन्ही चालतात. बोल्ट पण बरोबर पडतायत."

"वा!"

"पण तो जुना जरा स्लो झाला. आधी फास्ट होता."

एका सूचनेच्या जागी आता तीन लागतात, हे मी पावसात सांगत बसलो नाही. "आधी चुकत होता ना पण!"

"हो सर. पण फास्ट होता."