फ्लॅट विक्रीत मत कुणाचं? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडीतल्या अपार्टमेंटच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'संचकार (इसार) झाला की विकणाऱ्याचं मत गेलं. घेणाऱ्याला शेअर सर्टिफिकेट मिळेपर्यंत मत नाही. एका फ्लॅटला एकच मत. जुनी थकबाकी जुन्या मालकाची.' हे मानलं, तर लिफ्ट बदलायच्या सभेत त्या फ्लॅटतर्फे बोलणारं कुणीच उरत नाही, आणि वर्गणी मात्र चुकत नाही!

'संचकार झाला की मत गेलं.' साफ चूक. संचकारपत्र म्हणजे विक्रीचा करार, विक्री नव्हे. अशा करारानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं. सब-रजिस्ट्रारकडे खरेदीपत्र नोंद होईपर्यंत मालक विकणाराच, म्हणून मतही त्याचंच. किल्ली दिली, मुखत्यारपत्र केलं, तरीही. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय. विकणारा मनाला येईल तसं मत देईल अशी धास्ती असेल, तर मोठ्या खर्चाच्या ठरावाआधी घेणाऱ्याला विचारायची अट संचकारपत्रातच घाला. (नव्या इमारतीत बुकिंगवाल्यांनी असोसिएशन स्थापण्यात भाग घ्यायचा असतो, रेरा या बांधकाम-ग्राहक कायद्यातली ती बाब वेगळी.)

'शेअर सर्टिफिकेट.' ही कोल्हापूर-पुण्याच्या सहकारी सोसायट्यांची पद्धत. 1972 च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असोसिएशनमध्ये सदस्यत्वाचा आधार शेअर नव्हे. सदस्यत्व मालकीबरोबर येतं. घेणाऱ्यानं खरेदीपत्राची नक्कल आणि फ्लॅट या कायद्याखाली असल्याचं घोषणापत्र द्यावं. महापालिकेच्या उताऱ्यावर नाव चढायची वाट पाहायला लावणं गैर आहे, उतारा ही कराची नोंद आहे. तुमची संस्था 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असेल, तर मात्र तिचे पोटनियम काढून वाचा.

'एका फ्लॅटला एकच मत.' 1972 च्या कायद्यात डिक्लरेशनमध्ये (इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या दस्तात) प्रत्येक फ्लॅटचा सामाईक जागेतल्या हिश्श्याचा टक्का लिहिलेला असतो, तो मतदानालाही लागू. बहुमत म्हणजे 51 टक्के मतं, वर केलेले हात नव्हेत.

'थकबाकी जुन्या मालकाची.' यातच घेणारा बुडतो. विक्रीपर्यंतच्या थकलेल्या मेंटेनन्सला दोघंही जबाबदार असतात. घेणाऱ्यानं भरलं तर विकणाऱ्याकडून वसूल करता येतं, पण असोसिएशन आधी दार घेणाऱ्याचंच वाजवते. शिवाय थकबाकीदाराला पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत नाही, असं पोटनियमांत सहसा असतं. म्हणून खरेदीपत्राआधी असोसिएशनकडून येणं रकमेचं लेखी पत्र मागा. त्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त जुनी बाकी घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.