चीजने कोड येत नाही, कोळंबीचं रबर मात्र होतं

गेल्या रविवारी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी बेक्ड पास्त्याचा फोटो टाकला. आत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आणलेली कोळंबी, वर चीज. चहा गार व्हायच्या आत मामीचा फॉरवर्ड आला, तोच जुना: 'कोळंबी आणि दूध-चीज एकत्र खाल्लं की अंगावर कोड येतं. कोळंबीवर लिंबू पिळलं की आर्सेनिक तयार होतं. पाठीतला काळा धागा विषारी असतो. ओव्हनमध्ये करायचीच तर निदान पाऊण तास ठेवा, नाहीतर जंतू मरत नाहीत. इटलीतही मासळीवर चीज घालत नाहीत.' खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'. मामीशी फोनवर बोलून झालंय. पण हाच मजकूर मला तीन वेगळ्या ग्रुपवर दिसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी कोड. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते, त्या पेशी मरतात, तिथे पांढरा डाग पडतो. मासे आणि दूध एकत्र नको, असं चरकसंहितेत विरुद्ध आहाराखाली सांगितलंय हे खरंच आहे. ज्याला पाळायचंय त्याने जरूर पाळावं. पण चीजने कोड आल्याचा पुरावा नाही. जन्मात मासळीला न शिवलेल्यांनाही कोड असतं, आणि बंगाल्यांच्या घरात दह्यातली दोई माछ पिढ्यान्‌पिढ्या शिजतेय. माझी खरी चीड वेगळीच आहे. असे फॉरवर्ड वाचलेली माणसं कोड असलेल्या मुलीला भर लग्नात विचारतात, 'लहानपणी काय खाल्लं होतंस गं?'

लिंबाचं तर हसूच येतं. कोळंबीत आर्सेनिक असतं, पण ते बहुतांशी अशा सेंद्रिय रूपात की लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. ताटातल्या लिंबाच्या फोडीने त्याचं विष होत असतं, तर तळलेल्या कोळंबीवर लिंबू पिळणारी आमची अख्खी रत्नागिरी कधीच ओस पडली असती.

काळा धागा म्हणजे कोळंबीचं आतडं. विष नव्हे. मोठ्या कोळंबीत तो दाताखाली कचकचतो, कधी कडवट लागतो, म्हणून काढायचा. करंदीचा, म्हणजे छोट्या कोळंबीचा, धागा कोण काढत बसतं? आणि त्याहून बारीक जवळ्याचा काढून दाखवणाराला माझ्याकडून जेवण.

आता तो पाऊण तास. सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने केलंय, आणि त्यात मीही आले. पहिल्यांदा बेक्ड पास्ता केला तेव्हा कच्ची कोळंबी पास्त्यात मिसळून ट्रे सुरुवातीलाच आत ढकलला. चाळीस मिनिटांनी वरचं चीज झकास, खाली सॉसचं पाणी, आणि कोळंबी? शाळेतलं खोडरबर. कोळंबीचं मांस तापलं की आवळतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. ते पाणी सॉसमध्ये उतरतं, मागे चिवट गोळा उरतो. जंतूंचं म्हणाल तर अमेरिकेच्या कृषी खात्याने मासळीसाठी आतलं तापमान 63 अंश सेल्सिअस पुरेसं सांगितलंय. 200 अंशांच्या ओव्हनमध्ये मध्यम कोळंबी तिथवर काही मिनिटांत पोचते.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? आई कालवणाला आधी चांगली उकळी आणते, आमसूल टाकते, कोळंबी सगळ्यात शेवटी सोडते आणि गॅस बंद करायला पातेल्यापाशीच उभी राहते. तिच्या हिशेबाने कोळंबी विळ्यासारखी वाकली की झाली, बांगडीसारखी मिटली की गेली. रंगावर मात्र फार विसंबू नका, बाहेरून केशरी झाली तरी आत काचेसारखी असू शकते. एक मोडून बघायची. मध्यभागी पांढरी, अपारदर्शक दिसली पाहिजे.

तेव्हा ट्रेचं असं करते. डोकी आणि कवचं फेकत नाही. थोड्या तेलात लाल होईस्तोवर परतते, पाणी घालून पंधरा मिनिटं उकळते, गाळते. व्हाइट सॉसला निम्मं दूध, निम्मं हे पाणी. (ही एक गोष्ट केली तरी विकतचा कुठलाही मसाला लागत नाही.) पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढायचा, गरम सॉसमध्ये मिसळायचा, चीज घालून ट्रे ओव्हनमध्ये. वरून सोनेरी डाग दिसू लागले की बाहेर काढून, मीठ-हळद लावून निथळलेली कोळंबी चमच्याने सॉसखाली दाबायची. परत आत, सहा-सात मिनिटं. कोळंबी फारच मोठी असेल तर दोन मिनिटं जास्त.

राहिली इटली. तिथे मासळीच्या पास्त्यावर चीज नको म्हणणारे पुष्कळ आहेत, ते खोटं नाही. पण त्याच देशात बारी शहरात तांदूळ, बटाटे आणि शिंपल्यांचा जो थर ओव्हनमध्ये भाजतात, त्यावर पेकोरीनो चीज पडतं. शेजारी ग्रीसमध्ये कोळंबी टोमॅटो आणि फेटा चीजमध्येच शिजते. म्हणजे प्रश्न चवीचा आहे, आणि चवीपुरतं माझंही मत आहे की उग्र, जुनं चीज ताज्या कोळंबीला गिळून टाकतं. मोझरेला बेताने घाला. प्रोसेस्ड चीज असेल तर सॉसमध्ये मीठ जवळजवळ नकोच.

फॉरवर्डमध्ये जे यायला हवं होतं तेच नेमकं नाही: कोळंबीची अ‍ॅलर्जी. ती ज्या प्रथिनामुळे होते ते उष्णतेने मोडत नाही. 'नीट भाजलीय, एखादी खा गं' असा आग्रह अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुणीला करू नका. तिच्यासाठी वेगळा ट्रे, आणि चमचाही वेगळा.