नारिंगी राहील, पिवळं मागे घेतो

सर, उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या खडकांवरच्या एका नारिंगी आणि एका पिवळ्या लायकेनला (बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव) मी लेखात फोटोवरून नावं दिली, त्याखाली तुम्ही लिहिलंत, "फोटो बघून लायकेनची जात सांगता येत नाही. रसायनाचा थेंब टाकलात का? नसेल तर सरळ दगडफूल म्हणा." झोंबलं, पण निम्मं पटलंही.

थेंब टाकला नाही, खरं आहे. ती जागा अभयारण्यात येते, त्यामुळं कपचीही आणली नाही. पण नारिंगीवर पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून काय झालं असतं? जांभळा डाग पडला असता. तो डाग परायटिन या रंगद्रव्यामुळं पडतो आणि या लायकेनच्या बहुतेक नारिंगी भाऊबंदांत परायटिन असतंच. म्हणजे कूळ कळलं असतं, जात नाही. मी रुसाव्स्किया एलेगन्स म्हटलं ते अंगलटीवरून: अरुंद, फुगीर पाकळ्या, मधोमध बीजाणू तयार करणाऱ्या नारिंगी बशांची दाटी आणि पाकळ्यांवर पीठ (लायकेनचे सुटे होणारे कण) कुठंच नाही. पीठ असतं तर रुसाव्स्किया सोरेडिआटाकडं वळलो असतो. कॅलोप्लाका या दुसऱ्या नारिंगी लायकेनच्या काही जाती कडेला अश्शाच दिसतात, पण त्यांना खालची साल नसते. तिसरा फोटो मोठा करून बघा, एक पाकळी उचललेली आहे, खाली पांढरी साल स्पष्ट दिसते.

पिवळ्याच्या बाबतीत मात्र तुमचंच बरोबर. पिवळट-हिरवे तुकडे, मधून काळ्या रेघा, हुबेहूब नकाशा. तेवढ्यावर मी रायझोकार्पॉन जिऑग्राफिकम लिहून मोकळा झालो. रेघांमुळं अकारोस्पोरा हे दुसरं पिवळं लायकेन बाद होतं, इथवर ठीक. पुढं जायचं तर आतल्या पांढऱ्या थरावर आयोडीन लावून निळं होतं का बघायचं, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. लेखात आता नुसतं 'रायझोकार्पॉन' ठेवलंय. त्याच्या व्यासावरून दगड किती वर्षं उघडा पडलाय, हा माझा हिशेबही काढून टाकला. रोलंड बेशेलनं १९५० च्या दशकात आल्प्समध्ये रुजवलेली ती पद्धत जातीच्या वाढीवरच उभी आहे. वर्षाला मिलिमीटरभरही न वाढणाऱ्या जिवाची जात चुकली, तर शतकच इकडचं तिकडं होतं राव.

दगडफूल मात्र म्हणणार नाही. चटणी कुटायला आपण डंकावर नेतो ते पानांसारखं पार्मोट्रेमा, नावात दगड असला तरी बहुतेक झाडाच्या सालीवरून काढलेलं. हे पिवळं छिन्नीशिवाय दगड सोडत नाही.

दिवाळीनंतर मसाई पठारावर जातोय, तिथल्या जांभ्यावरची लायकेन बघायला. पोटॅशची बाटली तुमच्याकडं असेल तर घेऊन या, भिंग मी आणतो.