आधी बघा, नाही म्हणतंय कोण

तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणलं, त्याच्या आधी त्याने अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अर्ज टाकला होता की भारतात माझा छळ होईल, मला पाठवू नका. कोर्टाने फेटाळला. पण असला अर्ज कोर्ट हातात घेतंच कसं म्हणून आमच्या ग्रुपवर लोक नुसते पेटले होते. २६/११ चा आरोपी म्हटल्यावर मुंबईकराचं डोकं फिरणारच, माझंही फिरलं. पण यूएनचा छळविरोधी करार माणूस चांगला की वाईट हे विचारतच नाही, परत पाठवल्यावर त्याचा छळ होईल का एवढंच विचारतो.

आणि हे ठरवतं कोण ते बघा. राणाची केस प्रत्यार्पणाची, ती वेगळी. आश्रय मागणाऱ्याचा दावा अमेरिकेत बहुतेक वेळा ज्याच्यापुढे चालतो त्याला इमिग्रेशन जज म्हणतात, पण तो न्याय खात्याचा नोकर, आणि त्याच्यावरचं अपील बोर्डही त्याच खात्याचं. म्हणजे हाकलायला निघालंय सरकार आणि हाकलावं का हे ठरवणारंही सरकारच. वकील सरकार देत नाही, परवडला तर आपला आपण करायचा. बोर्डाने नाही म्हटलं की ३० दिवसांत फेडरल कोर्ट गाठायचं, आणि तिथे खालच्यांनी मानलेली फॅक्ट्स कधी उलटवता येतात, तर कुठल्याही समंजस माणसाला उलटा निष्कर्ष काढणं भागच पडेल तेव्हा. ‘खालचा चुकला असं वाटतंय’ एवढ्यावर भागत नाही.

जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर दोन निकाल दिले, दोन्ही ७-२. पहिला एका लेबनीज माणसाचा, द्रूझ या छोट्या धार्मिक पंथातला, १७ व्या वर्षी अमेरिकेत आलेला, पुढे चोरीच्या सिगारेटींच्या केसमध्ये गुन्हा कबूल केलेला. इमिग्रेशन जजने त्याला छळापासून संरक्षण दिलं, बोर्डाने काढून घेतलं, आणि वरचं फेडरल अपील कोर्ट म्हणतं, तू गुन्हेगार, तुझ्या दाव्यातली फॅक्ट्स आम्हाला बघताच येत नाहीत. सिगारेटींपायी! सुप्रीम कोर्टाचे जस्टिस कॅव्हनॉ, चांगले कॉन्झर्व्हेटिव्ह, त्यांनी सांगितलं की येतात बघता.

दुसरा श्रीलंकेचा तमिळ शेतकरी, सीमेपासून २५ यार्डांवर पकडलेला. त्याला पळवून नेऊन बेदम मारलं होतं. आश्रयाच्या दाव्याची पहिली चाचणी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने मारहाण खरी मानली, पण कोणी मारलं आणि का, हे त्याला सांगता येईना म्हणून नापास. आता व्हॅनमध्ये कोंबून नेणारे काय आपलं ओळखपत्र दाखवतात का? श्रीलंकेतल्या पांढऱ्या व्हॅन किती कुप्रसिद्ध आहेत हे इथे पेपर वाचणाऱ्यालाही माहितीये. तो हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडी कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं असा अर्ज, घेऊन आला तर जस्टिस अलिटो यांचा निकाल, झटपट हकालपट्टीच्या, म्हणजे पूर्ण सुनावणीशिवाय परत पाठवण्याच्या केसमध्ये हे कोर्टाला तपासता येणार नाही.

खोटे दावे असतात, एजंट लोक गोष्टी पाठ करून घेतात, सगळं मान्य. पण खोटा आहे हे ठरवायला तरी त्या खात्याचा पगार न घेणाऱ्या कोणीतरी एकदा फाईल उघडून बघायला नको का?

आणि आपलं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने शस्त्रदलाल संजय भंडारीचं भारतात प्रत्यार्पण रोखलं, कारणांमध्ये तिहारमधल्या मारहाणीचा धोका होता. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली पण तो अजून रॅटिफाय, म्हणजे स्वतःवर बंधनकारक, केलेला नाही, २०१० मध्ये लोकसभेत छळविरोधी बिल पास झालं तेही पुढे बारगळलं. समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत आपणच द्यायचं आणि मग परदेशातल्या कोर्टांच्या नावाने बोटं मोडत बसायचं.