'१००० लिहून १६० देता' या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडच्या मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन तुम्हाला पोटाचा त्रास झाला आणि तुम्ही एक स्टार देऊन तक्रार लिहिलीत, त्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. गोळ्या देताना त्या कशा घ्यायच्या हे काउंटरवरच्या मुलाने सांगायला हवं होतं. ते राहिलं, चूक आमची.

पण 'डब्यावर १००० मिलिग्रॅम, आत १६०, सरळ फसवणूक' हे मात्र लागलं. १००० हे दोन गोळ्यांतल्या मॅग्नेशियम सायट्रेटचं, म्हणजे अख्ख्या क्षाराचं वजन. त्यात मॅग्नेशियम साधारण १६ टक्के, बाकीचं सायट्रेट. हा १६० चा आकडा डब्याच्या मागच्या तक्त्यात छापलेला आहे, तुम्हीही तिथूनच वाचला असणार. मोठा आकडाच दाखवायचा असता तर आम्ही मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोळ्या ठेवल्या असत्या. त्यात मॅग्नेशियम ६० टक्के असतं आणि त्या स्वस्तही पडतात. पण ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे अंगी कमी लागतं. आणि १६० काही थोडं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ३७० मिलिग्रॅम लागतं, त्यातलं बरंचसं बाजरी, नाचणी, डाळी, तीळ, शेंगदाण्यातून मिळतं. गोळीने फक्त तूट भरायची.

जुलाबांचं म्हणाल, तर 'लवकर फरक पडावा म्हणून सकाळी उपाशीपोटी चार घेतल्या' असं तुम्हीच लिहिलंय. डब्यावर एक दुपारी आणि एक रात्री, जेवणानंतर, असं आहे. चार म्हणजे ३२० मिलिग्रॅम एकदम. जे शोषलं जात नाही ते आतड्यात पाणी ओढतं आणि पोट सुटतं. एप्सम सॉल्टचा (तोही मॅग्नेशियमचाच क्षार) जुलाब याच गुणावर चालतो. यात माल खराब असण्याचा प्रश्न नाही.

सील तोडलेला डबा परत घेऊन दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणून पैसे परत केले नाहीत. तरी एकदा दुकानात या, काहीतरी मार्ग काढू. सूचनांचा कागदही लवकरच काउंटरवर लावतो.

उरलेल्या गोळ्या पोट पूर्ण ठीक झाल्यावरच सुरू करा, आधी रात्री जेवणानंतर एकच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

एक स्टार राहू दे, ताई. 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढाल का? नवीन गिऱ्हाईक आधी तोच वाचतं.